कडाक्याच्या हिवाळ्यात घरच्या कोंबड्या कशा जगवाव्यात?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे: आठ कोंबड्या, एक कोंबडा आणि एक लाकडी खुराडे, रात्रीचे तापमान काही आठवड्यांपासून शून्याखाली दहा-बारा अंशांपर्यंत उतरते आहे. थंडी आत शिरू नये म्हणून आपण सगळ्या फटी बुजवल्या, खिडकीवर प्लास्टिक ठोकले आणि आत उष्णता देणारा दिवा टांगला. तरीही सकाळी भिंती ओल्या असतात, कोंबड्याच्या तुऱ्याची टोके काळी पडली आहेत, अंडी जवळपास बंद झाली आहेत आणि एक कोंबडी दगावली. दिवा आणखी मोठा लावावा का, तुऱ्याची काळी टोके कापावीत का आणि गेलेल्या कोंबडीच्या जागी लगेच दुसरी आणावी का, असे आपण विचारले आहे. तिन्ही प्रश्नांचे थोडक्यात उत्तर ‘नाही’ असेच आहे. मात्र आपण सांगितलेल्या लक्षणांपैकी सर्वांत महत्त्वाचे लक्षण ओल्या भिंती हे आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागेल.

पूर्ण वाढलेली, अंगावर भरगच्च पिसे असलेली आणि पोटभर खाल्लेली कोंबडी नुसत्या थंडीने सहसा मरत नाही. तिच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणजे आपल्यापेक्षा चार अंशांनी जास्त. ही उष्णता टिकवण्याची व्यवस्था तिच्या अंगावरच असते. वरची पिसे वारा आणि पाणी अडवतात, तर आतली मऊ लव हवा कोंडून धरते. थंडी वाढली की कोंबडी पिसे फुगवते, त्यामुळे कोंडलेल्या हवेचा थर जाड होतो. पायांत गरम रक्त खाली नेणाऱ्या आणि गार रक्त वर आणणाऱ्या वाहिन्या एकमेकींना लागून असतात, त्यामुळे खाली जाणारी बरीचशी उष्णता वाटेतच परत मिळते आणि उघड्या पायांतून फार थोडी वाया जाते. ही व्यवस्था कोलमडते ती पिसे ओली झाल्यावर, वाऱ्याचा झोत पिसांत शिरून कोंडलेली हवा हुसकावू लागल्यावर, किंवा आतली भट्टी पेटती ठेवायला पुरेसे अन्नपाणी मिळाले नाही म्हणजे. हिवाळ्यात जी कोंबडी दगावते, तिच्याबाबत यांपैकी एखादे कारण किंवा आधीपासून अंगात असलेला आजार बहुतेक वेळा सापडतो.

आता ओलीकडे वळू. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. आपल्या कळपाचे ते दोन लिटरच्या आसपास होते. अंड्यातून जाते ते वगळले, तर यातले बहुतेक सगळे पाणी श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर पडते. कोंबडीला घाम येत नाही, आणि ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असते. हिवाळ्याची रात्र लांब असल्याने या पाण्याचा मोठा वाटा खुराड्यातच सुटतो. फटी बुजवलेल्या असतील तर ही वाफ जाणार कुठे? ती गार भिंतींवर आणि छपराच्या आतल्या बाजूला जमते, तिथून पुन्हा खाली ठिबकते आणि पिसे, तुरा व जमिनीवर पसरलेली काडाची गादी दमट करते. ओल्या गादीतून अमोनिया सुटतो. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भाग झाले की कोंबड्यांच्या डोळ्यांना आणि श्वासनलिकेला इजा होऊ लागते, आणि इजा झालेल्या श्वासनलिकेतून रोगजंतूंना आत शिरणे सोपे जाते. पहाटे दार उघडताच खाली वाका आणि कोंबड्या ज्या उंचीवर झोपतात त्या उंचीवर नाक नेऊन दोन-तीन श्वास घ्या. आपल्याला उभ्याने जाणवत नाही ते तिथे जाणवते. डोळे चुरचुरले तर हवा बिघडली आहे असे समजावे. छपराच्या आतल्या बाजूला हिमकण चिकटलेले दिसले, तर त्याचा अर्थही हाच.

म्हणून पहिले काम बुजवलेल्या फटी उघडण्याचे आहे, मात्र सगळ्या नाहीत. कोंबड्या दांडीवर बसल्या असता त्यांच्या डोक्याच्या वर किमान एक फूट उंचीवर, वळचणीखाली, समोरासमोरच्या दोन भिंतींत लांबट झरोके ठेवावेत आणि त्यांवर अर्धा इंच छिद्रांची मजबूत तारेची जाळी बसवावी. उबदार, दमट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. याउलट दांडीच्या उंचीवरच्या आणि त्याखालच्या फटी अगदी काटेकोरपणे बंद कराव्यात. हवा खेळती असणे आणि अंगावर झोत येणे यांतला फरक पाहायचा असेल, तर पातळ कागदाची एक पट्टी दांडीजवळ आणि दुसरी झरोक्यापाशी दोऱ्याने टांगावी. वरची हलली पाहिजे आणि खालची जवळपास स्थिर राहिली पाहिजे. वादळी वाऱ्यात ज्या दिशेने बर्फ आत येतो त्या बाजूचा झरोका तात्पुरता झाकायला हरकत नाही, पण दुसरा उघडाच ठेवावा. असे केल्यावर आतले तापमान बाहेरच्यापेक्षा जेमतेम दोन-चार अंशांनी जास्त राहील, आणि ते पाहून आपल्याला धडकी भरेल. तरी कोरड्या खुराड्यातली ही थंडी कोंबड्यांना दमट खुराड्यातल्या उबेपेक्षा जास्त मानवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेतल्या कडक हिवाळ्याच्या प्रदेशांत तर एक अख्खी बाजू उघडी ठेवून तिला केवळ जाळी लावलेली खुराडी मुद्दाम बांधत असत. ती खोलगट असत आणि कोंबड्या मागच्या बंद बाजूला झोपत.

दिव्याविषयी माझे मत ठाम आहे. लाल प्रकाशाचे २५० वॉटचे दिवे हिवाळ्यात खुराड्यांना आगी लागण्याचे नेहमीचे कारण आहेत. कोरडे काड, हवेत तरंगणारी पिसांची धूळ, पंख फडफडवणारे पक्षी आणि एखाद्या साखळीवर किंवा चिमट्यावर टांगलेला तापलेला दिवा हे सगळे एकाच लाकडी खोलीत असू नये. दुसरे कारण कमी बोलले जाते. कोंबडीचे शरीर थंडीला काही आठवड्यांत सरावते. रात्रभर दिव्याच्या उबेत बसणाऱ्या कोंबडीला हा सराव पुरेसा होत नाही, आणि ऐन थंडीच्या रात्री वीज गेली की काही तासांत पंधरा-वीस अंशांचा फरक तिला सोसावा लागतो. तेव्हा दिवा काढावा, पण एका रात्रीत नव्हे. हवामान त्यातल्या त्यात सौम्य असलेल्या आठवड्यात रोज थोडा कमी वेळ लावत तो बंद करावा, आणि झरोके त्याआधीच उघडावेत. पिल्लांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश उष्णता लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करत न्यावे लागते आणि अंगावर पूर्ण पिसे यायला सहा ते आठ आठवडे जातात. म्हणूनच हिवाळ्याच्या तोंडावर अंडी उबवायला ठेवू नयेत. आजारी किंवा पिसे झडून उघड्या पडलेल्या कोंबडीला उबेची गरज भासलीच, तर ज्याचा पृष्ठभाग चटका बसण्याइतका तापत नाही असा भिंतीवर बसवायचा पॅनेल वापरावा.

जमिनीवरच्या गादीकडे लक्ष दिल्यास अर्धे काम आपोआप होते. रंधा मारताना निघणाऱ्या लाकडाच्या ढलप्या, भाताचे तूस, बारीक केलेले काड किंवा पूर्ण वाळलेली पाने यांचा चार ते सहा इंचांचा थर हिवाळ्याआधी घालावा आणि पुढे त्यावरच नवा कोरडा थर देत तो फूटभरापर्यंत वाढू द्यावा. विष्ठा त्यात मिसळत जाते, सूक्ष्मजीव ती कुजवतात आणि त्यातून थोडी उष्णताही मिळते. पण ही गादी जिवंत राहण्यासाठी तिला हवा लागते, म्हणून दाताळ्याने दर दोन-तीन दिवसांनी ती उलथावी. मूठभर धान्य गादीवर फेकले तर हे काम कोंबड्या स्वतःच उकरून करतात. ओलीची परीक्षा सोपी आहे. मूठभर गादी घट्ट दाबून हात उघडावा. ती सुटी होऊन पसरली तर ठीक आहे, गोळा तसाच राहिला तर तेवढा भाग काढून टाकून कोरडा माल घालावा. दांडीखाली रात्रभराची विष्ठा साचते. तिथे फळी ठेवून ती रोज सकाळी खरवडली, तर ओलीचा मोठा उगमच खुराड्याबाहेर जातो. आपल्या बाबतीत सध्याची गादी बहुधा तळापर्यंत भिजली असेल, त्यामुळे ती सुधारत न बसता एखाद्या उन्हाच्या दिवशी पूर्ण बदलणेच योग्य ठरेल.

दांडी लाकडाची आणि चपटी असावी, तिची वरची बाजू साडेतीन ते चार इंच रुंद असावी. अशा दांडीवर कोंबडी पाय सपाट ठेवून बसते आणि छातीची पिसे बोटांवर पांघरते. गोल, बारीक दांडीला विळखा घालताना बोटांची टोके उघडी राहतात. लोखंडी किंवा प्लास्टिकचा पाइप थंडीत वापरूच नये. प्रत्येकीला आठ ते दहा इंच जागा पुरते, कारण त्या तशाही एकमेकींना बिलगून बसतात.

पाणी हा हिवाळ्यातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक भाग आहे. कोंबडी जेवढे खाते त्याच्या सुमारे दुप्पट वजनाचे पाणी पिते, आणि पाणी गोठले की ती खाणेही कमी करते. रिकाम्या पोटी रात्र काढणारी कोंबडी पुरेशी उष्णता निर्माण करू शकत नाही. बर्फाचे तुकडे टोचून तिची तहान भागत नाही, उलट ते वितळवायला शरीरातली उष्णता खर्च होते. वीज असेल तर भांड्याखाली ठेवायची थर्मोस्टॅटची तापक तबकडी हा उत्तम उपाय आहे. तिची तार कोंबड्यांच्या चोचीपासून लांब आणि संरक्षक नळीतून न्यावी. वीज नसेल तर दोन काळी रबरी घमेली घ्यावीत. सकाळी कोमट पाणी भरलेले एक ठेवावे, दुपारी ते उचलून दुसरे ठेवावे. रबर लवचीक असल्याने गोठलेले घमेले उलटे करून पायाने दाबले की बर्फाचा गोळा सुटून पडतो. प्लास्टिकचे भांडे याच प्रयत्नात तडकते. शेवटचे पाणी मावळतीच्या आधी तासभर द्यावे आणि रात्री भांडे बाहेर काढावे. कोंबडी अंधारात पाणी पीत नाही, मग रात्रभर पाण्याची वाफ आत कशाला हवी? पाणी गोठू नये म्हणून त्यात मीठ घालण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच मानू नये, कारण जास्त मिठाने कोंबड्यांना विषबाधा होते.

खाण्याच्या बाबतीत नेहमीचे लेयर खाद्यच, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीचे तयार खाद्यच, मुख्य ठेवावे. अंडी देणारी मध्यम वजनाची कोंबडी एरवी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाते. थंडी वाढत जाते तसे हे प्रमाण वाढते आणि ते वाढूच द्यावे, म्हणजे खाद्याचे भांडे दिवसभर भरलेले असावे. संध्याकाळी दांडीवर चढण्याआधी प्रत्येकीमागे अर्धी मूठ मका किंवा गहू द्यावा. अख्खे दाणे गळ्यातल्या अन्नपिशवीत साठतात, सावकाश दळले जातात आणि पचनाची ऊब रात्री उशिरापर्यंत मिळते. मात्र मका हा जोडआहारच राहिला पाहिजे. लेयर खाद्यात प्रथिने १६ टक्क्यांच्या आसपास असतात आणि मक्यात आठ-नऊ टक्केच, त्यामुळे मक्याचा मारा केला तर कोंबडी चरबीने भरते आणि प्रथिनांना मुकते. ज्यांची पिसे उशिरा झडली आहेत अशा कोंबड्यांना ही उणीव फार जाचते, कारण पीस जवळजवळ सगळे प्रथिनांचेच बनलेले असते. नवी पिसे फुटत असताना १८ ते २० टक्के प्रथिनांचे खाद्य द्यावे. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. जमीन बर्फाखाली गेली की कोंबड्यांना खडे मिळत नाहीत, आणि दाणे दळायला पोटात खडे लागतात, तेव्हा बारीक खडीही जवळ ठेवावी.

कोंबड्याच्या तुऱ्याकडे येऊ. तुरा आणि चोचीखाली लोंबणारी लाल कातडी यांवर पिसे नसतात. कडक थंडीत शरीर तिकडचा रक्तपुरवठा आखडते, आणि त्यात दमट हवा असेल तर टोके गोठतात. ती आधी फिकट, राखाडी दिसतात आणि मग काळी पडतात. काळा झालेला भाग मेलेला असतो आणि तो काही आठवड्यांत आपोआप सुकून गळतो. तोवर तो खालच्या जिवंत भागाचे रक्षण करतो, म्हणून तो कापू नये, चोळू नये आणि शेकूही नये. सूज, पू किंवा दुर्गंधी दिसली तर पशुवैद्यांना दाखवावे. तुऱ्याला व्हॅसलिन लावण्याची पद्धत आहे. त्याने फार तर थोडा उपयोग होतो, दमट खुराड्यावरचा तो इलाज नव्हे. कोंबड्याच्या चोचीखालची कातडी पाणी पिताना भिजते, म्हणून त्याला अरुंद तोंडाचे भांडे दिले तर बरे. पुढे नवे पक्षी निवडताना तुऱ्याचा विचार जरूर करावा. लेगहॉर्नसारख्या उंच, एकेरी तुऱ्याच्या जातींना हा त्रास जास्त होतो, तर ब्रह्मा आणि वायनडॉट यांचे तुरे डोक्यालगत बसके असतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९०८ पासून एका धर्मबंधूने संकर करत शांतक्लेर ही जात घडवली, ती याच कारणाने जवळजवळ बिनतुऱ्याची ठेवली. रेशमी पिसांची सिल्की किंवा उलट्या वळणाच्या पिसांची फ्रिझल मात्र अशा थंडीत जपावी लागते, कारण त्यांच्या पिसांत हवा नीट कोंडली जात नाही.

आठवड्यातून एकदा रात्री, कोंबड्या दांडीवर बसल्यावर मंद बॅटरी घेऊन आत जावे. त्या वेळी त्या निमूटपणे हाताळू देतात. एकेकीच्या गळ्याखाली बोटे लावून अन्नपिशवी पाहावी, ती दाण्यांनी फुगलेली आणि किंचित टणक लागली पाहिजे. मग तळहात छातीखाली न्यावा. छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेले लागले तर चिंता नाही, पण हाड सुरीच्या धारेसारखे हाताला टोचले तर ती कोंबडी कित्येक दिवसांपासून खंगते आहे. फुगवलेल्या पिसांखाली हे डोळ्यांना कधीच दिसत नाही. शेवटी शेपटीखालची पिसे उलटून गुदद्वाराभोवती पाहावे. तिथे पिसे काळपट, तेलकट दिसली किंवा बारीक ठिपके पळताना दिसले तर नॉर्दर्न फाउल माइटची शंका घ्यावी. हा बारीक, कोळ्यांच्या वर्गातला परजीवी थंडीत वाढतो, सबंध आयुष्य पक्ष्याच्या अंगावर काढतो आणि रक्त पिऊन कोंबडीला इतके अशक्त करतो की तिच्या मरणाचे खापर थंडीवर फुटते. औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने द्यावे. त्याखेरीज कोरडी माती, वाळू आणि थोडी राख भरलेले एक खोके आडोशाला ठेवावे, कारण बर्फाच्या दिवसांत कोंबड्यांना धूळस्नानाला जागाच उरत नाही.

अंडी बंद होण्यात थंडीपेक्षा उजेडाचा हात मोठा आहे. नियमित अंड्यांसाठी कोंबडीला दिवसाचे १४ ते १६ तास उजेड लागतो. दिवस लहान झाला की तिचे शरीर विसावा घेते. पहाटे टायमरवर छोटा एलईडी दिवा लावून ही भरपाई करता येते. तो पहाटेच लावावा, कारण संध्याकाळी तो अचानक विझला तर कोंबड्या अंधारात दांडीखाली अडकून पडतात. उजेडही आठवड्याला अर्ध्या तासाच्या बेताने वाढवावा. परंतु यंदा आपला कळप आधीच दमलेला आहे, तेव्हा त्याला विसावा घेऊ द्यावा असे मी सुचवेन. जी काही अंडी मिळतील ती दिवसातून दोन-तीनदा गोळा करावीत. अंडे गोठून तडकले आणि आतला पापुद्रा फाटला, तर ते खाऊ नये.

दिवसा कोंबड्यांना आत डांबून ठेवू नये. बर्फात पाय टाकायला त्या नाखूश असतात, म्हणून दारापासून थोडी जागा झाडून तिथे काड पसरावे आणि वाऱ्याच्या बाजूला ताडपत्रीचा आडोसा करावा. जागा अपुरी पडली की त्या एकमेकींना टोचू लागतात. एखादा कोबीचा गड्डा त्यांच्या डोक्याच्या उंचीवर टांगला तर त्या तासन्‌तास त्यात गुंततात. रात्री दाराला चांगली कडी असावी आणि उरलेले खाद्य झाकून ठेवावे, कारण भुकेले उंदीर आणि शिकारी प्राणी याच दिवसांत जवळ येतात.

दगावलेल्या कोंबडीचे नेमके कारण आता सांगता येणार नाही. पुढे कोणी दगावल्यास मृत पक्षी पशुवैद्यांकडे नेऊन शवविच्छेदन करून घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे. एका-दोन दिवसांत अनेक पक्षी अचानक मेले, तोंड सुजले किंवा तुरा निळसर झाला, तर मात्र हात न लावता पशुसंवर्धन यंत्रणेला कळवावे. बर्ड फ्लूचा धोका स्थलांतरित पक्ष्यांच्या या हंगामात जास्त असतो. नवी कोंबडी सध्या आणू नये. थंडीला न सरावलेला पक्षी, नवी जागा आणि कळपातली टोचाटोची हे तिन्ही ताण एकदम येतात, शिवाय तिच्यासोबत रोग आणि माइटही येऊ शकतात. हवा निवळल्यावर, एकटीला करमत नसल्याने, दोन तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, एकत्र आणाव्यात. तीन-चार आठवडे त्यांना पूर्णपणे वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे आणि त्यांची निगा जुन्या कोंबड्यांनंतर घ्यावी. त्यानंतर आठवडाभर मध्ये जाळी ठेवून दोन्ही गटांना एकमेकांना पाहू द्यावे आणि मगच जाळी काढावी.